शोधबाईंचं पाचवं पान

आमच्या शाळेत तिला सगळे शोधबाई म्हणतात. नाव मुलांनी ठेवलं, शिपायांनी उचललं, आणि शेवटी मुख्याध्यापकही सूचनावहीत ‘शोधबाईंनी नोंद घ्यावी’ असं लिहायला लागले. मी ग्रंथपाल. माझ्या वाचनालयाच्या मधोमध भिंत घालून पलीकडे संगणक बसवले, तेव्हा ती त्या खोलीत आली. म्हणजे आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. माझी सात कपाटं व्हरांड्यात निघाली आणि हिची अकरा यंत्रं आत आली. पहिलं वर्षभर मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते, आणि आमचं एकमेकींशी काम काही नव्हतंच. मग एकदा तिच्या खोलीतला पंखा बंद पडला आणि ती डबा घेऊन माझ्याकडे जेवायला आली, ती एकवीस वर्षं येतेच आहे. त्यामुळे तिला अहो-जाहो करणं मला जमत नाही, इथेही जमणार नाही.

नावावरून वाटेल की बाईंनी काही मोठा शोध लावला असेल. तसलं काही नाही. ती मुलांना इंटरनेटवर शोधायला शिकवते, एवढंच. पण ‘बसा आणि शोधा’ असं म्हणून मोकळी होत नाही. मोकळं सोडलं की पोरं दोन मिनिटांत मोटारींच्या शर्यतीवर पोचतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. म्हणून ती प्रत्येक विषयाची एक ‘शोधवाट’ आखते. आधी एक प्रश्न, मग काय करायचं ते, मग तिने स्वतः वाचून निवडलेली चार-पाच पानं. त्यांच्याबाहेर जायचं नाही. चार मुलांचा गट, आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम. एक शोधक, एक तपासनीस, एक लेखनिक, आणि एक वकील, जो शेवटी वर्गापुढे उभा राहून गटाचं म्हणणं मांडतो आणि बाकीच्या गटांचे टोमणे खातो. उत्तराला गुण कमी आणि उत्तर कशावरून काढलं याला जास्त. ‘नक्की सांगता येत नाही’ असं पुराव्यासकट लिहिलं तर दहापैकी दहा. यावरून पालक भांडायला आले होते. एक बाप म्हणाला, माझा मुलगा घरी रोज हेच म्हणतो, त्याला शाळेत कशाला पाठवू?

भिंतीवर तिने एक तक्ता लावला होता. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात: ‘एकाने सांगितलं, ऐकून घ्या. दोघांनी सांगितलं, वहीत लिहा. तिघांनी सांगितलं, धरून चाला.’ मुलांना तो पाढ्यासारखा पाठ होता. मला त्यात तेव्हा काहीच खटकलं नाही, खोटं कशाला बोलू.

या सगळ्याला बाहेरून बघणारे ‘वा, किती आधुनिक’ म्हणतात. आतून बघितलं की दिसते ती नुसती ओढाताण. बावन्न मुलं, म्हणजे तेरा गट. अकरा यंत्रांपैकी चालणारी आठ, त्यातल्या एकाचा कळफलक असा की ‘क’ उमटवायला मुठीने मारावं लागतं. सुट्टीतले पंधरा दिवस ती फक्त लिंक तपासते. गेल्या वर्षी उघडणारं पान या वर्षी उघडत नाही, आणि उघडलंच तर तिथे वजन घटवायच्या गोळ्यांचं दुकान थाटलेलं असतं. मग दुसरं पान शोधा, ते वाचा, आठवीच्या मुलांना झेपेल का बघा, सगळे कागद पुन्हा छापा. तिचे डोळे संध्याकाळी असे तांबडे व्हायचे की तिच्या सासूबाईंना वाटायचं सून शाळेत रडते. सासूबाईंचं वय नव्वदीकडे झुकलेलं. ‘शोध’ या शब्दावरून त्यांची समजूत झाली होती की शाळेतली काहीतरी मोलाची वस्तू हरवली आहे आणि ती शोधायला आपल्या सुनेला नेमलंय. ती दारात चप्पल काढायच्या आत त्या विचारायच्या, “सापडलं का गं?” नवरा घरोघरी विजेचे मीटर वाचायचा, त्यात त्याचे गुडघे कामातून गेलेले, तो आतल्या खोलीतून ओरडायचा, “आई, सापडलं की पेपरात येईल.” रोज. हिला त्याचंही हसू येत असे, पण पुढे पुढे तेही यायचं थांबलं.

तिच्या शोधवाटांमधली सगळ्यांत गाजलेली जिन्याची. आमची शाळा वरच्या वस्तीत आणि निम्मी मुलं खालच्या वस्तीतली. मध्ये दगडी जिना, दोनशे बारा पायऱ्यांचा. मुलं तो रोज पळत चढतात. आम्ही पन्नाशीच्या बायका तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून, खालचा बाजार बघतोय असं दाखवत दम खातो. प्रश्न साधा होता: हा जिना कोणी बांधला? खरं उत्तर कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पालिकेचं जुनं दप्तर छत गळून भिजलं आणि फेकलं गेलं. पालिकेच्या पानावर ‘जिना पालिकेने बांधला’ एवढंच एक वाक्य. एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणात, तो दुष्काळाच्या वर्षी पुरा झाला आणि त्यावर दोनशे मजूर होते, असं. एका प्रवाशाच्या पानावर फोटो, एका महाविद्यालयाच्या पानावर दगडाच्या जातीची माहिती. ही चार पानं झाली, आणि पाचवं तिने स्वतः लिहिलं.

पाचवं पान खोटं होतं. मुद्दाम खोटं. ती म्हणायची, खोटं ओळखायला शिकवायचं तर थोडं खोटं हाताशी लागतं. एका फुकट जागा देणाऱ्या साइटवर तिने ते चढवलं. गोष्ट अशी की, एक गवंडी होता, ऐन तारुण्यात त्याची दृष्टी गेली. त्याची बायको खालून पाणी आणताना टेकडीवरून घसरली आणि गेली. मग त्याने दगड हातांनी चाचपून, एकट्याने, अकरा वर्षं खपून हा जिना बांधला. हे तिने माझ्या टेबलावर बसून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, “अगं, बायको पडते ती जागा जरा रंगव की.” तिने रंगवली. तेव्हा त्या पापात निम्मा वाटा माझा आहे, हे इथेच सांगून टाकते.

मुलांना पकडता यावं म्हणून तिने त्यात तीन चुका पेरल्या. पायऱ्या दोनशे चाळीस लिहिल्या. बायको गेल्याचं साल जिना पुरा झाल्यानंतरचं दिलं. आणि ‘बांधकाम चालू असताना’ म्हणून जो फोटो लावला, त्यात कोपऱ्यात प्लास्टिकची लाल बादली. तळाशी बारीक अक्षरात, ‘हे पान आठवीच्या सरावासाठी असून गोष्ट काल्पनिक आहे.’ पहिल्या वर्षी एका गटाचा तपासनीस उठला आणि न विचारता शाळेबाहेर पडला. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन आला आणि दारातूनच ओरडला, “बाई, दोनशे बारा! पाचवं पान थापा मारतंय!” त्या दिवशी ती जेवताना नुसती हसत होती. त्यानंतर दर वर्षी तेराच्या तेरा तपासनीस जिना मोजायला पळायचे आणि चिखलाचे बूट घेऊन परत यायचे. आमच्या मावशी, म्हणजे शाळेच्या शिपाईबाई, तो तास चालू असतानाच बादली आणि फडकं घेऊन त्यांच्या मागे फरशी पुसत फिरायच्या आणि करवादायच्या, “मोजा, मोजा. जिना काय पळून चाललाय.”

पुढे ते पान आमच्या हातचं राहिलं नाही. आधी सहलींच्या एका साइटने गोष्ट उचलली आणि तळाची बारीक ओळ गाळली. मग कुणीतरी खरोखर पायऱ्या मोजल्या आणि दोनशे चाळीसच्या दोनशे बारा केल्या. कुणी साल सारखं केलं. कुणी बादलीचा फोटो काढून तिथे दाढीवाल्या आंधळ्याचं रेखाचित्र टाकलं. पकडलं जावं म्हणून तिने पेरलेल्या चुका लोकांनी एकेक करून निस्तरल्या, आणि खोटं हाताळून हाताळून गुळगुळीत झालं. आम्हाला हे दिसत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, एकदा या सगळ्यांना लिहायला पाहिजे. मी म्हणायचे, लिही की. मग सहामाहीचे पेपर यायचे, मग जनगणनेचं काम, मग सासूबाईंचा मोतीबिंदू. बारा वर्षं अशीच गेली. दोन वर्षांपूर्वी ती फुकट जागा देणारी साइटच बंद पडली आणि तिचं मूळ पान, तळाच्या ओळीसकट, नाहीसं झालं. त्या वर्षी तिने नकलांपैकी एक पाचवं पान म्हणून लावलं. तेरापैकी अकरा गटांनी ते खरं ठरवलं. नऊ ठिकाणी सापडतंय म्हणाले. मुलांनी नियम चोख पाळला होता, गुण कापायचे तरी कशाचे? तिने ती शोधवाट गुपचूप मागे घेतली आणि मला तीन दिवसांनी सांगितलं.

या वर्षी दुसऱ्या सत्रात पालिकेच्या सुशोभन विभागाचं पत्र आलं. जिन्याच्या तोंडाशी दगडी शिळा बसवायची आहे, अनावरणाला शाळेच्या मुलांनी गाणं म्हणावं, आणि सोबत जोडलेल्या मजकुराचं शुद्धलेखन शाळेने तपासून द्यावं. असली कामं माझ्याकडे येतात. मी चष्मा लावला आणि वाचलं: ‘एका अंध गवंड्याने अकरा वर्षे एकट्याने खपून, पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेला हा जिना.’ मी कागद घेऊन पलीकडे गेले. ती कळफलकाची बटणं काढून काडीने धूळ साफ करत होती. तिने कागद वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे देऊन म्हणाली, “दगडावर कोरणार हे?”

“तीन आठवड्यांनी.”

“पान पुसता तरी येतं गं,” ती म्हणाली आणि बटणं परत बसवायला लागली. त्यातली दोन तिने उलटी बसवली.

तिला ते थांबवायचं होतं. तीन आठवडे, आणि गोष्ट आपणच रचल्याचा हातात पुरावा शून्य. मूळ पान गेलेलं. ज्या यंत्रावर ते लिहिलं होतं, ते केव्हाच भंगारात गेलेलं. उरले छापील कागद. दर वर्षी ती शोधवाटांचा एकेक संच वाचनालयात ठेवायला द्यायची, खुणा केलेल्या उत्तरांसकट. ती आशेने माझ्याकडे बघायला लागली. ते गठ्ठे मी आदल्याच सुट्टीत कपाट रिकामं करताना रद्दीत घातले होते. वाळवी लागलेली विज्ञानमासिकं जपून ठेवली आणि हिचे कागद टाकले, कारण ते कॉम्प्युटरचे होते, म्हणून माझ्या लेखी कचराच. मी तिला तसंच सांगितलं. ती वळून पलीकडे गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिने जुन्या विद्यार्थिनींना फोन केले. पंधरा-वीस तरी. आंधळा गवंडी सगळ्यांना आठवत होता. बायको कशी घसरते, तेही आठवत होतं. पण ते पान आपण वर्गात खोटं ठरवलं होतं, हे एकीलाही ठामपणे आठवेना. एक म्हणाली, “हो बाई, किती छान गोष्ट! तुम्हीच तर सांगितली होती.”

मुख्याध्यापकांनी दार लावून घेऊन तिला समजावलं. “बाई, शाळेच्या शिक्षिकेने खोटं पसरवलं असा अर्थ निघेल. पुढच्या वर्षी तुमचा तास ठेवायचा की नाही यावर आधीच बोलणं चाललंय. दोन वर्षं राहिलीत तुमची. एका दगडापायी कशाला?” ती “बरं” म्हणाली, बाहेर आली आणि पालिकेत जायला निघाली. मी कुलूप लावून तिच्यासोबत गेले. रद्दीचं प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

सुशोभन विभागाचा साहेब तिचाच विद्यार्थी निघाला. जिन्याच्या शोधवाटेच्या आधीच्या वर्षांतला. त्याच्या वाट्याला देवमाशाची शोधवाट आली होती, आणि तो आपल्या गटाचा वकील होता. तिला बघून खुर्चीतून उठला, पंखा आमच्या बाजूला वळवला. तिने सगळं सांगितलं, चुकांसकट, बादलीसकट, दोनशे मजुरांच्या त्या कात्रणासकट. त्याने शांतपणे ऐकलं आणि एक फाईल उघडली. आत नऊ पानांच्या प्रती, प्रत्येकीवर शिक्का.

“बाई, नऊ ठिकाणी आहे हे.”

“नऊ नाहीत रे. एकच आहे, नऊ वेळा.”

“ते कशावरून?”

“मी लिहिलंय म्हणून.”

“तुमचं पान दाखवता येईल?”

“नाही.”

“मी साक्षीला आहे,” मी म्हटलं.

तो हसला, पण वाईट नाही. “मॅडम, तुम्ही दोघी एका शाळेतल्या. समितीपुढे मी काय ठेवू? दहा लोक विचारणार, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला एक. आणि बाई, हे मी तुमच्याकडूनच शिकलो की.” आणि त्याने तो तक्ता म्हणून दाखवला, एकाने सांगितलं पासून धरून चाला पर्यंत, एक शब्द न चुकता. त्याला खरंच वाटत होतं की बाईंना हे ऐकून बरं वाटेल.

परत येताना ती तिसऱ्या वळणावर थांबली ती बराच वेळ. मला वाटलं दम लागला. त्या संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे “सापडलं का गं?” म्हणून विचारलं आणि ती दारातच बसून रडली. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. तो म्हणाला, “आई घाबरली. आता ती विचारतच नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी संगणकाच्या खोलीत होतो. ती स्टुलावर चढून तक्ता काढत होती. मावशी फरशी पुसत होत्या. मावशींचं आमच्याकडे लक्ष असतं हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या जिन्यावरून चाललंय ना तुमचं? काल शिपायांत बोलणं झालं.”

“हो मावशी.”

“आंधळा बिंधळा कोण नव्हता तिथे. बायका होत्या. माझ्या आजीने वाहिलेत त्याचे दगड.”

शोधबाई स्टुलावरच उभी राहिली. एका हातात तक्ता, दुसऱ्या हातात काढलेली टाचणी.

“दुष्काळात गडीमाणसं कामाला लांब गेली,” मावशी म्हणाल्या. “मागे राहिल्या त्या बायका. नदीपासून वरपर्यंत डोक्यावर दगड. आजीच्या पाठीला माझी आई बांधलेली. एक दगड सुटला तर दोन बोटं गेली तिची, ही अशी. मरेपर्यंत जिना चढली नाही ती. वळसा घालून रस्त्याने यायची. म्हणायची, मी एकदा चढलेय, पुरे.”

“मावशी,” शोधबाई कशीबशी म्हणाली, “बारा वर्षं इथे मुलं हेच शोधत होती. तुम्ही याच खोलीत होतात. बोलला का नाहीत?”

मावशींना रागबिग नव्हता. त्यांनी फडकं पिळलं. “तुम्ही कुठे विचारलंत? पोरं ओरडायची, कोणी बांधला, कोणी बांधला. मी आपली खाली पुसतेय. मला वाटायचं, तुमचा तो यंत्रातला खेळ असेल. त्यात आपण कशाला तोंड घाला?”

मी माझ्या मैत्रिणीला एकवीस वर्षांत थकलेली पुष्कळदा पाहिलं आहे. पण त्या दिवशी स्टुलावरून उतरताना तिने माझा खांदा धरला तेव्हा तिचा हात म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखा लागला. तेरा गट, पाच पानं, पायऱ्या, तक्ते, सगळं तिने डोळ्यांत तेल घालून आखलं होतं, आणि त्यात ‘जवळच्या माणसाला विचारा’ ही ओळ नव्हती. तिलाच सुचली नव्हती. मलाही नाही. मी तर मावशींच्या हातचा चहा रोज दोनदा पीत होते.

आम्ही मावशींना घेऊन परत पालिकेत गेलो. मावशींनी धुतलेली साडी नेसली होती आणि खुर्ची दिली तरी तिच्या अगदी कडेला बसल्या. त्यांनी सांगितलं तेवढंच, वाढवून काही नाही. साहेबाने या वेळी कागद घेऊन लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, चला, काम झालं. त्याचं लिहून झालं, त्याने वर बघितलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, “मावशी, हे अजून दोन ठिकाणी मिळेल का कुठे?”

मावशींना प्रश्न कळला नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं. शोधबाईला तो कळला होता.

“मी टिपण जोडतो,” साहेब म्हणाला. “पण शिळा कोरायला गेलीय, बाई.”

शिळा बसली. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. बावन्न मुलांनी गाणं म्हटलं, साहेबाने दोन शब्द सांगितले, कुणीतरी आंधळ्या गवंड्याचं रेखाचित्र चौकटीत घालून आणलं होतं. मजकुराचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं. त्यात एकही चूक नाही. शोधबाई मुलांच्या रांगेमागे उभी होती, टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी आल्याच नाहीत, खोल्या झाडायच्या राहिल्यात म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी मग पुढच्या वेळापत्रकात तिचा तास खरंच काढला. कारण दिलं नाही, तिनेही विचारलं नाही. वर्ष संपायला दोन आठवडे उरले होते. तिने एक शेवटची शोधवाट आखली, एका कागदाची. लिंक एकही नाही, त्यामुळे यंत्रं लागणार नव्हती, म्हणून तास माझ्या बाजूला घेतला. बावन्न मुलं माझ्या कपाटांच्या मध्ये दाटीवाटीने बसली. मी मधली एक खुर्ची पुसून ठेवली. मावशी आल्या आणि सरळ खाली बसायला लागल्या. शोधबाई म्हणाली, “वर बसा मावशी. आज तुम्हाला विचारायचंय.” त्या बसल्या आणि पदर तीनदा सारखा केला. यंत्रापुढे सुरळीत चालणारी ही मुलं माणसापुढे बावचळली होती.

तिने सांगितलं, प्रत्येक गटाने एकेक प्रश्न विचारायचा. पहिल्या गटाची लेखनिक, जाड भिंगांची मुलगी, उभी राहिली. मागून कुणीतरी तिला ढोसलं असावं.

“तुमच्या आजीचं नाव काय?”

मावशींनी नाव सांगितलं. घसा खाकरून पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्याने. मुलीने लिहायला घेतलं आणि दुसऱ्या अक्षरावर तिची पेन्सिल थांबली.

“पहिली वेलांटी की दुसरी?”

मावशींनी आधी मुलीकडे बघितलं, मग तिच्या वहीकडे. “काय माहीत गं बाळ,” त्या म्हणाल्या. “आजवर कुणी लिहिलंच नाही.”

मुलगी पेन्सिल धरून बाईंकडे बघत राहिली. सगळा वर्गच बघत होता. मीही.

“त्या म्हणतात तसं लिही,” शोधबाई म्हणाली.